उमेदवारांचा हिशेब मतदानाआधी द्या! मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, यांस

सादर नमस्कार.

बहुतेक मतदारसंघांत खरी लढत दोघांतच असते. एकाचे काम लोकांनी पाहिलेले असते, पण त्याच्या प्रचाराला पैसा कोण पुरवतो हे कळत नाही. दुसरा स्वतःच्या पैशावर लढतो आणि निवडून आल्यावर तो पैसा कुठल्या कामांतून वसूल करणार, याची चर्चा पारावर उघड चालते. यातल्या कोणाला मत द्यावे हे ठरवायला मतदाराला हिशेब लागतो, आणि तो मिळतो सगळे संपल्यावर.

महाराष्ट्राच्या 2024 च्या विधानसभेचेच पाहा. मतदान 20 नोव्हेंबरला, निकाल 23 ला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 78 प्रमाणे हिशेब द्यायला 30 दिवस, म्हणजे 23 डिसेंबरपर्यंत मुदत. तोवर शपथविधी होऊन मंत्रीही कामाला लागले. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून 45 दिवस, म्हणजे 7 जानेवारी. हिशेब वाचून, पुरावे जमवून उच्च न्यायालयात जायला मतदाराच्या हाती उरले पंधरा दिवस, तेही नाताळच्या सुट्टीचे.

हिशेब आधी तयार नसतो असेही नाही. नोंदवही रोज लिहायची असते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. रोख रक्कम कोणाकडून आली त्याचे नाव-पत्ता गुलाबी पानावर असतो. प्रचारात तीनदा तपासणी होते. व्हिडिओ पथकाने सभेतल्या खुर्च्या, मंडप, गाड्या मोजून तुमची छाया नोंदवही, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची आयोगाने ठेवलेली नोंद, वेगळी भरलेली असते. एवढे सगळे तयार असताना त्याची प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या फलकावर लावून तुम्ही पारदर्शकता झाली म्हणता. एका मतदारसंघातल्या सव्वातीन लाखांवर मतदारांनी त्या फलकापाशी जायचे का?

आणि त्या वहीत खरे किती उतरते? विधानसभेला मर्यादा 40 लाख. मतदारामागे साधारण 12 रुपये. एका मतदारसंघात सुमारे 350 मतदान केंद्रे. प्रत्येक केंद्रावर चार कार्यकर्ते आणि प्रत्येकी चहा, जेवण, भत्ता मिळून 500 रुपये धरले, तर मतदानाच्या एका दिवसात 7 लाख गेले. म्हणून प्रामाणिक उमेदवारालाही काहीतरी लपवावे लागते. कागदावर तो आणि पैसे वाटणारा सारखेच दिसू लागतात. मतदाराची कोंडी होते ती इथे.

पैसे वाटणारा तर वहीच्या बाहेरच खर्च करतो. कलम 77 चा हिशेब अर्ज भरल्यापासून सुरू होतो. त्याआधीचे हळदीकुंकू, देवदर्शनाच्या बसगाड्या, क्रिकेटच्या स्पर्धा, मंडळांच्या देणग्या, साड्या, कुकर कोणाच्याच खात्यात पडत नाहीत. नंतर डमी अपक्ष उभे राहतात आणि त्यांच्या नावच्या गाड्या व प्रतिनिधी दुसऱ्याचेच काम करतात. शेवटच्या दोन रात्री लक्ष्मीदर्शन होते. त्यावर तुमचे तक्रारीचे सी-व्हिजिल ॲप. 100 मिनिटांत कारवाई होते म्हणे, पण फोटो जागेवरच काढावा लागतो, आधीचा चालत नाही. वाटप करणारी पोरे गल्लीत उभी असताना रात्री अकराला मोबाईल कोण वर करील? शिवाय पैसे घेणाराही कायद्याने गुन्हेगार, मग तोंड कोण उघडेल?

2024 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 660 कोटींची रोकड, दारू, अमली पदार्थ, मौल्यवान धातू पकडल्याचे तुम्हीच सांगितलेत. त्यातले किती रुपये कोणत्या उमेदवाराच्या खर्चात धरले? हा तक्ता कुठे आहे?

पक्षांना तर मर्यादाच नाही. 1974 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरायला सांगितले, त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निकाल बोथट केला. पुढे 2003 मध्ये पक्षाचा खर्च वगळण्याची ती सूट गेली, तरी पक्षांच्या स्टार प्रचारकांचा प्रवास आजही मोकळा आहे. पक्षांना निनावी देणगी देण्याचे निवडणूक रोखे 2018 पासून विकले गेले आणि 15 फेब्रुवारी 2024 ला रद्द झाले. देणारा कोण हे त्या सहा वर्षांत मतदारापासून लपवले. ज्याच्या मताने सरकार येते त्यालाच सगळ्यांनी मिळून अंधारात ठेवले आहे, आणि त्याचा संताप येतो.

तुमच्याकडे अधिकार नाहीत असे सांगू नका. खोट्या हिशेबाची चौकशी आयोग करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2014 ला स्पष्ट केले. पैशामुळे तामिळनाडूत वेल्लोरची लोकसभा निवडणूक 2019 मध्ये थांबली, आर. के. नगरची पोटनिवडणूक 2017 मध्ये तुम्हीच रद्द केलीत.

तेव्हा पुढच्या निवडणुकीपासून प्रत्येक तपासणीनंतर 24 तासांत तिन्ही रंगांची पाने आणि छाया नोंदवही शेजारी-शेजारी संकेतस्थळावर टाका, मराठीत, मतदारसंघनिहाय. शेवटची प्रत मतदानाच्या किमान 48 तास आधी यावी. जप्त झालेल्या प्रत्येक रकमेपुढे ती कोणाच्या खर्चात धरली, किंवा का धरली नाही, हे लिहा. अर्जाआधीचे सहा महिने हिशेबात धरायला कायदा बदलावा लागेल. तशी शिफारस सरकारला लेखी पाठवा आणि ते पत्र आम्हाला वाचायला द्या.

आपला,
एक मतदार