मागच्या बाकावरचा एक तास

संपादक महोदय,

नाशिकरोडला पदवीच्या वर्गांना मी २१ वर्षे अर्थशास्त्र शिकवतो आहे. यंदाच्या चाचणीत मागणीच्या लवचिकतेचे, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याचे, सूत्र जवळजवळ सगळ्यांनी बिनचूक लिहिले. पण कांद्याचा भाव पडला तर शेतकऱ्यांची एकूण मिळकत वाढेल की घटेल, या प्रश्नाला निम्म्याहून अधिक मुलांनी ‘वाढेल, कारण खप वाढतो’ असे उत्तर दिले. ही मुले निफाड, चांदवड, सिन्नरकडची. लासलगावच्या लिलावाचा भाव यांच्या घरात रोज निघतो. ते पेपर तपासताना फार वाईट वाटले.

दुसऱ्या तुकडीला हाच भाग शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांच्या मुलांनी बरोबर लिहिले होते. ‘तुमच्या तासाला बसू का?’ हे विचारायला मला आठ दिवस लागले. ‘या ना सर,’ एवढेच त्या म्हणाल्या.

मॅडमनी सूत्राचे नावही काढले नाही. ‘कांदा निम्म्या भावात मिळाला, म्हणून तुमच्या घरी दुप्पट चिरतात का?’ असे विचारून खडू टेबलावर ठेवला आणि गप्प उभ्या राहिल्या. मी असतो तर उत्तर सांगून पुढे गेलो असतो. घड्याळात पाहिले, नऊ सेकंद गेले. मग खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, ‘नाही मॅडम, भाजीला लागतो तेवढाच.’ त्याला ‘बरोबर’ न म्हणता त्यांनी पुढे विचारले, ‘मग ज्याने पिकवला त्याचं काय?’ पुन्हा सगळे शांत. या वेळी बोलली ती एरवी तोंड न उघडणारी मुलगी: ‘वडिलांनी ट्रॉली भरून नेली होती, डिझेलचे पैसेपण सुटले नाही.’ तेव्हा कुठे फळ्यावर आकडे आले. २००० रुपयांनी १०० क्विंटल म्हणजे दोन लाख. भाव १००० झाला आणि ११० क्विंटल खपला, तर एक लाख दहा हजार. मागणीची उभट रेषा सगळ्यात शेवटी.

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच दाखवून दिले होते. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी उत्तरे लांबतात, गप्प मुले बोलू लागतात. हे मी वाचले होते. पण ती शांतता बाकावर बसून अनुभवली, तेव्हा पटली.

बी.एड.च्या विद्यार्थ्यांचा पाठ निदान मागे बसून कुणी पाहते. आम्ही नेट-सेट किंवा पीएच.डी.वर थेट वर्गात उभे राहतो. नंतर वर्गात कुणी आलेच तर तपासणी समिती, आणि त्या दिवशीचा तास ठेवणीतला असतो. महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे: सत्रातले दोन तास एकमेकांच्या वर्गात बसण्यासाठी वेळापत्रकातच राखून ठेवा. फॉर्म नको, गुण नकोत, गोपनीय अहवालात नोंद तर मुळीच नको. अशी नोंद होऊ लागली तर कुणी कुणाला मनापासून वर्गात बोलावणार नाही.

मंगळवारी सकाळच्या माझ्या पहिल्या तासाला मॅडम येणार आहेत. प्रश्न विचारल्यावर मी किती सेकंद थांबतो, तेवढे मोजायला मी त्यांना सांगितले आहे.

– अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक, नाशिकरोड