टिटवीची चार अंडी

पुणे, 6 जून

प्रिय मित्रा,

परवा वहिनींशी बोललो. पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं, टाकेही सुकले, पण तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतोस हे ऐकलं आणि जिवाला चैन पडेना. फोन केला तर तू 'बरा आहे' म्हणून ठेवून देशील, म्हणून पत्र लिहितोय.

अण्णा जानेवारीत गेले. त्यानंतर माझं काय झालं होतं, ते तुलाही सांगितलं नव्हतं. रात्री अडीच-तीनला जाग यायची आणि एकच दळण सुरू व्हायचं: आदल्या दिवशीच दवाखान्यात नेलं असतं तर? लोक म्हणायचे, मन रमव. कशात रमवायचं ते कुणी सांगत नव्हतं. मार्चमध्ये एका पहाटे घरात बसवेना म्हणून वेताळ टेकडी चढलो.

टेकडी तेव्हा पार वाळलेली होती. पिवळं गवत, धूळ, पानं झडलेल्या सालई. खाणीतल्या पाण्याजवळ पोचलो तशी एक टिटवी ओरडत डोक्यावरून झेपावली. आजी म्हणायची ना, रात्री टिटवी ओरडली की माणूस जातं? अण्णा गेले त्या रात्री मी ती ऐकली होती. त्यानंतर तो आवाजच नकोसा झाला होता. जरा मागे सरून पाहिलं, तर खडीतल्या उथळ खळग्यात चार अंडी. हुबेहूब दगडच! ती बिचारी अंड्यांसाठी जिवाच्या आकांताने ओरडत होती रे, आणि मी तिला अशुभ ठरवून बसलो होतो.

मग रोज जाऊ लागलो. लांबूनच बघायचो. नर-मादी पाळीपाळीने अंड्यांवर बसायची. ऊन चढलं की एकजण पाण्यात पोटाची पिसं भिजवून यायचं आणि तशाच ओल्या पोटाने बसायचं, अंडी तापू नयेत म्हणून. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले. उतरताना ध्यानात आलं, तासभर ते दळण थांबलं होतं. दुःख होतंच, अजूनही आहे. पण त्या दिवशी रात्री सलग पाच तास झोपलो.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलंय. काही जणांना 90 मिनिटं झाडाझुडपांत चालवलं, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून फिरून आलेल्यांचं तेच तेच उगाळणं कमी झालेलं आढळलं. 2015 मधला अभ्यास आहे.

पण तुझ्यासाठी खरी गोष्ट पुढेच आहे. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने तिथल्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळल्या. रुग्ण सगळे पित्ताशयाच्या ऑपरेशनचे, अगदी तुझ्यासारखे. 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या 23 जणांना समोर विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. हे 1984 साली छापून आलं. मित्रा, नुसती खिडकी होती रे ती!

म्हणून हट्टाने सांगतोय, आजच खाट खिडकीकडे वळवून घे. तुमच्या आवारातला तो पिंपळ तिथून दिसायला हवा. गोळ्या वेळेवर घे, आणि डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली की मला कळव. मी ठाण्याला येतो. सकाळी लवकर येऊरला जाऊ, तुला झेपेल तेवढंच चालू. बोलायलाच पाहिजे असं काही नाही.

टिटवीची चारही पिल्लं सुखरूप बाहेर आली आणि लगेच तुरुतुरु चालायला लागली. आज पहाटे टेकडीवर पावशा सारखा 'पेरते व्हा' करत होता, पण आभाळ अजून कोरडंच आहे. तुझ्याकडे आलाय का पाऊस? पिंपळावर कोण कोण येऊन बसतं, ते दोन दिवस बघ आणि मला लिही.

तुझाच,
मी