'जैविक वया'च्या आकड्यात रक्तदाब कुठे आहे?

संपादक महोदय,

'शरीराचे खरे वय जाणून घ्या' म्हणणारी रक्ततपासणीची पॅकेजे आता सोलापुरातही घेतली जात आहेत. ५२ वर्षांच्या बाईच्या हाती '६२' लिहिलेला कागद पडला की घरचे थेट लकवा आणि स्मृतिभ्रंशापर्यंत पोचतात. भीती अगदीच निराधार नाही. ब्रिटनमधील सव्वातीन लाख लोकांच्या नोंदी तपासून स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेने २०२३ मध्ये दाखवले, की जैविक वय (म्हणजेच शरीराचे हे 'खरे वय') प्रत्यक्ष वयाच्या पुढे गेलेल्यांत पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून येणारा स्मृतिभ्रंश यांचा धोका जास्त असतो. कंपवाताबाबत मात्र तसे आढळले नाही.

पण हा आकडा येतो कुठून? २०१८ चे 'फिनोएज' हे सूत्र यासाठी बरेच वापरले जाते. त्यात प्रत्यक्ष वय आणि रक्तातले ९ घटक आहेत : अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी (शरीरातल्या दाहाचे माप), अल्कलाइन फॉस्फटेज, पांढऱ्या पेशींची संख्या, लिम्फोसाइटचे प्रमाण, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारातली तफावत). सूत्र अमेरिकी लोकांच्या नोंदींवर बेतलेले आहे आणि आपल्याकडे घोळ होतो तो आरडीडब्ल्यूत. तो १ टक्क्याने वाढला की वय सुमारे साडेतीन वर्षांनी पुढे सरकते. लोहाच्या कमतरतेत तो १३ वरून १७ वर सहज जातो, म्हणजे १४ वर्षे वाढली. त्याच वेळी एमसीव्ही ९० वरून ७५ वर आल्याने चारेक वर्षे वजा होतात. निव्वळ दहा वर्षे उरतात, आणि ती म्हातारपणाची नसून पंडुरोगाची असतात! राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर जुन्या लहान आणि नव्या मोठ्या पेशी एकत्र दिसतात, त्यामुळे आरडीडब्ल्यू आधी आणखी वाढतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. फेरतपासणी चार महिन्यांनी करावी.

बी-१२ चे प्रकरण जास्त गंभीर. शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन (मधुमेहाचे औषध) घेणाऱ्यांत ते कमी पडते, एमसीव्ही १०० च्या वर जातो, तळपायांना मुंग्या येतात, विसर पडतो. नुसते फॉलिक अ‍ॅसिड दिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो, नसांचे नुकसान चालूच राहते. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर एमसीव्ही फसवा 'नॉर्मल' दिसतो. सर्दी-ताप, दाताचे गळू असताना सीआरपी आणि पांढऱ्या पेशी वाढतात. बरे झाल्यावर दोन आठवडे थांबावे. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडले तर क्रिएटिनिनही चढते.

आता या नऊ घटकांत काय नाही ते पाहा. रक्तदाब नाही. पक्षाघाताचे सर्वात मोठे कारणच गैरहजर! तो मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून उघड्या दंडावर पट्टा बांधावा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर दाब खोटा जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर येत राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

कानही त्यात नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली. त्यात मध्यमवयातील बहिरेपण आणि वाईट कोलेस्टेरॉल यांचा वाटा सर्वाधिक, प्रत्येकी ७ टक्के. यंत्रमागांच्या गावात याचा अर्थ सांगायला नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या पुढे आहे. नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास होते, 'स', 'फ' सारखी अक्षरे निसटतात, आणि घरचे म्हणतात लक्ष नसते. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचा प्लग बारीक वळावा, कान वर-मागे ओढून आत सारावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरावा. श्रवणचाचणी सुट्टीनंतर, पाळीवर जाण्याआधी करावी. कामावरून थेट गेल्यास तात्पुरता बहिरेपणाही नोंदला जातो. कारखानदारांनी प्लगचा खर्च सुताच्या हिशोबात धरायला हवा, सुताच्या खर्चापुढे तो फारच किरकोळ आहे.

– एक पॅथॉलॉजिस्ट व एक श्रवणतज्ज्ञ, सोलापूर