रेंज कागदावरची आणि रस्त्यावरची

संपादक साहेब, स.न.वि.वि.

इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीतला रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाईल त्याचा, आकडा लॅबमधल्या टेस्टचा असतो, प्रत्यक्षात चढ, एसी, भरलेली गाडी आणि हायवेचा स्पीड आला की तो चांगलाच खाली येतो (उतारावर ब्रेकिंगमधून थोडं चार्जिंग परत मिळतं, पण चढताना गेलेलं सगळं नाही). शहरात निभावून जातं हो, पण खेड्याकडे ॲपवर चार्जर हिरवा दिसतो आणि जाऊन बघावं तर स्क्रीन काळी, गन (गाडीला लावायची चार्जिंगची पिन) नुसती लटकतेय, विचारायला माणूस नाही, मग करायचं काय? घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम ३ किलोवॅट मिळतात, म्हणजे ४० किलोवॅट-अवरची रिकामी बॅटरी भरायला १३-१४ तास, त्यात लाइट गेली की झालंच कल्याण. फास्ट चार्जरसुद्धा ८० टक्क्यांच्या पुढे स्लो होतो, बॅटरी जपायला, हे गाडी विकताना कोण सांगतं?

माझं म्हणणं एवढंच, चार्जर बसवले किती ते सांगू नका, त्यातले चालू किती ते रोज जाहीर करा, आणि गावाकडे एका जागी किमान दोन गन द्या, कारण तिथे एक बंद पडली तर पुढची उरलेल्या चार्जिंगमध्ये गाठता येईलच असं नाही.

– एक वाचक