बैलजोडी गेली, भाकरी तेवढ्याच राहिल्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला कास्तकार, वय 57. दोन वर्षं झाली बैलजोडी विकली, गुडघे धरायला लागले म्हणून वावर पोराच्या हाती दिलं, तो भाड्याचा ट्रॅक्टर लावतो अन् मी गाडीवर जाऊन धुऱ्यावरून चक्कर मारून येतो. ताटात भाकरी मात्र पहिल्याएवढ्याच, चार. चहा दिवसाला सात कप, दोन-दोन चमचे साखरेचा.

उन्हाळ्यात उपकेंद्रात शुगर तपासली (30 वर्षांच्या वरच्यांची फुकट करतात), उपाशीपोटी 168 निघाली. 100 च्या खाली पाहिजे, 126 पासून पुढे मधुमेह धरतात. आमच्या घरात कोणालाच नव्हती हो, रात्रभर झोप नाही. मग पडल्या पडल्या हिशोब केला. कपाशीच्या ओळीत तीन फुटाचं अंतर असलं तर एक एकर डवरायला, म्हणजे बैलाच्या डवऱ्यानं तण काढायला, साडेचार किलोमीटर चालणं होते, दिवसाला तीन एकर म्हणजे तेरा किलोमीटर, तेही ढेकळातून, डवऱ्यावर जोर देत. त्या चालण्याला चार भाकरी लागायच्याच. चालणं गेलं, भाकरी राहिल्या, अन् साखर तर महिन्याला पावणेदोन किलो एकट्याच्या पोटात.

काम सुटलं म्हणून सवय आपोआप सुटत नाही, ठरवूनच सोडावी लागते. भाकरी दोनवर आणल्या, ज्वारीची आहे म्हणून कितीही खाल्ली तर चालते असं नाही. संध्याकाळी नाल्याच्या पुलापर्यंत पायी जाऊन येतो. फिका चहा पहिले पंधरा दिवस घशाखाली उतरत नव्हता, घरच्यांवर उगाच चिडायचो.

सगळ्यात कठीण दुसऱ्याच्या घरचा चहा. शेजारच्या आजीकडे नाही म्हटलं तर ती म्हणे, "माह्या घरचा चालत नाही का रे तुले?" तिच्या डोळ्यात पाणी आलं, मलाही कसंतरी झालं. तेव्हापासून नाही म्हणणं बंद केलं, दारातूनच सांगतो, माझा फिका टाका.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगर (HbA1c) 8.4 टक्के होती, परवा 7.1 आली, गोळी चालूच आहे, ती मनानं बंद करू नये. माझ्यासारखे बैल विकलेले लोक गावोगाव आहेत, त्यांनी एकदा तपासून घ्यावं म्हणून हे पत्र, जमलं तर छापा.

आजी आता मला पाहिलं की पहिले माझा कप गाळून बाजूला ठेवते, मगच पातेल्यात साखर टाकते.

– एक कास्तकार वाचक