हिरवी पोच

कोलंबस, ओहायो
ता. 12 ऑक्टोबर 2025, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. आई पत्र हातात घेतल्यावर आधी तेच शोधणार, म्हणून सगळ्यात वर लिहिलं. मार्चनंतर इथल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा ईसीजी काढला, पट्ट्यावर पळवून हृदय तपासलं, काहीही निघालं नाही. पित्ताच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, आता त्याही बंद आहेत. रात्री आठच्या आत जेवतो. ऑफिस, स्वयंपाक, घरमालक सगळं नेहमीसारखं चाललंय, त्यात नवीन काही नाही.

फोनवर मार्चमधल्या त्या हॉस्पिटलच्या रात्रीचा आणि बिलाचा विषय निघाला की आई तू रडतेस, मग मी चिडतो आणि बाबा फोन ठेवून देतात. म्हणून आज सगळं लिहूनच काढतो. रथाच्या दिवशी मनूच्या तोंडून तुम्हाला कळलं, याचं मला फार वाईट वाटतं. तिला रागावू नका, बहीण म्हणून तिनं माझंच ऐकलं. एप्रिलमध्ये मीच तिला बाबांच्या मिरजेच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागितला होता, आणि 'विम्याच्या फॉर्मला लागतंय, आईला बोलू नकोस' असं बजावलं होतं. पोरीनं चार महिने पोटात ठेवलं.

झालं ते असं. 8 मार्चच्या रात्री, शनिवारी, दीडच्या सुमाराला छातीत जळजळ सुरू झाली, मग आवळल्यासारखं झालं आणि डावा खांदा दुखायला लागला. अंगाला दरदरून घाम. बाबा, 2016 मध्ये तुम्ही पडवीत बसून 'पित्त झालंय, सोडा दे' म्हणाला होतात, तो तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला. शेजारच्या खोलीतल्या अमरावतीच्या मित्राला उठवलं. त्यानं गाडी काढली आणि नकाशात जे हॉस्पिटल सगळ्यात जवळ दिसलं तिथे नेलं. दहा मिनिटांत पोचलो. ते आमच्या विम्याच्या यादीत आहे का, हा विचार त्या वेळी दोघांच्याही डोक्यात आला नाही. आईनं विचारलं ना, 'पैशाच्या भीतीनं उशीर केलास का?' नाही केला. तुझी शपथ. आणि इथे इमर्जन्सीत आलेल्या माणसाला आधी तपासावंच लागतं, पैसे आहेत-नाहीत हे मागाहून. 1986 पासून तसा कायदाच आहे. मला पाच मिनिटांत आत घेतलं. ईसीजी, छातीचा एक्स-रे, हृदयासाठीची रक्ततपासणी दोनदा. सकाळी आठला सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, आम्ल वर चढल्यानं झालं, घरी जा.

त्याच सकाळी साडेनऊला तुमचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. हाताला हॉस्पिटलचा कागदी पट्टा तसाच होता. मी बाही खाली ओढून धरली आणि 'रात्री उशिरा झोपलो' म्हणालो. आई, तू विचारलंस, 'डोळे का असे दिसतात रे?' त्या दिवसापासून ते वाक्य मनातून जात नाही.

आता बिलाचं. बाबांना यातलं काहीच उमगलं नाही असं मनू म्हणाली. इथे राहणाऱ्यांनाही उमगत नाही, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

इथे विमा कंपनी ठरावीक हॉस्पिटलांशी आणि डॉक्टरांशी दर ठरवून करार करते. करारातल्यांना नेटवर्क म्हणतात. नेटवर्कमधल्याकडे गेलं तर बिल ठरल्या दरानं, बाहेरच्याकडे गेलं तर तो मागेल ते. गंमत अशी, की हॉस्पिटल एक आणि आत तुम्हाला तपासणारा डॉक्टर दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो. त्याचं बिल वेगळं, वेगळ्या पत्त्यावरून, महिन्याभरानं येतं. एक्स-रे वाचणाऱ्याचं आणखी वेगळं. समजा आपण मिरजेला एका दवाखान्यात गेलो आणि नंतर खोलीचं बिल मिरजेहून, डॉक्टरचं सोलापूरहून आणि फोटो बघणाऱ्याचं पुण्याहून आलं, तसं. आणि या सगळ्यांच्या आधी विमा कंपनीकडून एक लांबलचक कागद येतो. त्यावर आकडे असतात, 'तुमच्याकडून येणं' असा रकाना असतो, आणि वर ठळक लिहिलेलं असतं, 'हे बिल नाही'. कंपनीनं हिशोब कसा केला, एवढंच तो सांगतो. पण कामाचा कागद तोच. खरं बिल आलं की या कागदाशी ताडून बघायचं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय एक डॉलरही द्यायचा नाही. मला हे एका सहकारी बाईंनी शिकवलं. त्या भेटल्या नसत्या तर मी घाबरून पहिल्याच बिलाला कार्ड घासलं असतं.

माझ्या त्या कागदावर लिहिलं होतं, की शेवटी निदान आम्लपित्ताचं निघालं, म्हणजे ही इमर्जन्सी नव्हती, आणि हॉस्पिटल नेटवर्कबाहेरचं, तेव्हा दावा नामंजूर. हॉस्पिटलचे 9,840 डॉलर आणि डॉक्टरांच्या कंपनीचे 1,870. आपल्या पैशांत दहा लाखांच्या वर. बाबा, तो कागद मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून गेलं.

आईचा सवाल, 'मग विमा काढलाच कशाला?' मलाही राग आला होता. पण कायदा आपल्या बाजूचा आहे. 1 जानेवारी 2022 पासून इथे असा कायदा लागू आहे, की इमर्जन्सीत बाहेरच्या हॉस्पिटलात गेलात तरी तुमच्याकडून नेटवर्कमधल्यासारखाच वाटा घ्यायचा, वरचा फरक विमा कंपनी आणि हॉस्पिटलनं आपसात मिटवायचा. छातीला वायरी लावलेल्या असताना एका बाईंनी पडद्यावर माझ्या सह्या घेतल्या होत्या, त्याची मला फार धास्ती होती. इमर्जन्सीत अशा सहीनं हा हक्क जात नाही. फक्त रस्त्यावरची अँब्युलन्स या कायद्यात येत नाही. मित्र गाडी घेऊन आला हे त्या अर्थानंही बरंच झालं.

आणि इमर्जन्सी कशाला म्हणायचं, हे शेवटच्या निदानावरून ठरवायचंच नसतं. वैद्यकशास्त्र न शिकलेल्या, साधी समज असलेल्या माणसाला त्या वेळी, ती लक्षणं होत असताना काय वाटलं असतं, ते बघायचं असा नियम आहे. छातीत आवळतंय, खांदा दुखतोय, घाम फुटलाय, आणि वडिलांना बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेला. असा माणूस घरी सोडा पीत बसेल का? मी अपिलात एवढंच विचारलं. पुराव्याला तुमचं डिस्चार्ज कार्ड जोडलं. त्यावर तारीख आहे, तुमचं वय आहे, स्टेंट घातल्याची नोंद आहे. बाबा, तुमच्या दुखण्याचा कागद न विचारता परक्यांच्या हाती दिला, त्याची माफी मागतो.

अपील करायला नकार मिळाल्यापासून 180 दिवसांची मुदत असते. मी दहा मेलाच पाठवलं. बाबा, हे तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. तुमच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाईल पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत, तिथून शल्यचिकित्सकांकडे सहीला आणि परत त्रुटी काढून माघारी, अशी आठ महिने फिरत होती. तुम्ही रोज संध्याकाळी वहीत लिहायचात, कोणाला भेटलो, काय म्हणाले, पुन्हा कधी बोलावलं. मी तेव्हा तुम्हाला म्हणालो होतो, की एवढं लिहून काय उपयोग. इथे मी तश्शीच लांब वही केली. फोन कधी केला, कोण बोललं, संभाषणाचा नंबर काय दिला, काय कबूल केलं. 'पोच घेतल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही' हे तुमचं वाक्य. इथल्या पोस्टात सर्टिफाइड टपालाला एक हिरवं कार्ड जोडता येतं. कागद घेणाऱ्याला त्यावर सही करावी लागते आणि ते कार्ड आपल्याकडे परत येतं. मे महिन्यात ते माझ्या पेटीत आलं तेव्हा मी जिन्यातच बसलो. खूप आठवण आली तुमची.

हॉस्पिटलला लेखी कळवलं, की अपील चालू आहे, तोवर वसुलीला देऊ नका. त्यांनी ते मानलं. डॉक्टरांच्या कंपनीनं मानलं नाही. त्यांचे फोन ऑफिसच्या वेळात यायचे. शेवटी इथल्या केंद्र सरकारच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक त्यांना लिहून पाठवला, आणि फोन थांबले.

जुलैच्या सुरुवातीला विमा कंपनीनं अपील फेटाळलं. शब्द न शब्द पहिल्यासारखाच. त्या आठवड्यात मी खरंच खचलो होतो. पण कंपनीनं नाही म्हटलं की चार महिन्यांच्या आत बाहेरच्या, स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येतं. त्याच्याकडे प्रकरण पोचल्यापासून त्यानं 45 दिवसांत निकाल द्यायचा, आणि तो निकाल कंपनीवर बंधनकारक. तेच कागद, तीच वही, तुमचं कार्ड पुन्हा पाठवलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. नकार रद्द. त्या रात्रीची लक्षणं आणि घरातला इतिहास बघता कोणीही दवाखान्यात गेलं असतं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ते पान मी मनूला पाठवलंय, तिच्याकडून वाचून घ्या.

दोन्ही बिलं मिळून नवा हिशोब 4,700 डॉलरचा झाला. त्यातले वर्षाचे पहिले 1,500 माझे, ते कोणत्याही हॉस्पिटलात द्यावेच लागले असते. उरलेल्यात माझा पाचवा हिस्सा, 640. म्हणजे एकूण 2,140 डॉलर. दहा हप्ते करून घेतलेत, व्याज नाही. पहिला गेला. तेव्हा कर्ज वगैरे काही नाही, आई. गावात कोणी विचारलं तर बिनधास्त सांग.

आता जे लिहायला जीवावर येतंय ते. जूनमध्ये मनूच्या लग्नासाठी तीन लाख पाठवतो म्हणालो आणि एकच पाठवला. 'बोनस लांबला' म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. बोनस एप्रिलमध्येच आला होता. अपील हरलो तर सगळे द्यावे लागतील या भीतीनं तो मी धरून ठेवला. आणि इकडे बाबांनी पोस्टातली ठेव मुदतीआधी मोडली. व्याज बुडालं ते वेगळं. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. निदान बाबांना तरी. कालच अडीच लाख पाठवलेत, मंगळवारपर्यंत खात्यात दिसतील. त्यातले दोन कबूल केलेले आणि पन्नास हजार ठेवीच्या व्याजाचे, ते परत करायचे नाहीत. कार्यालयाची उरलेली रक्कम यातूनच द्या, दागिन्यांचं मी आल्यावर बघू. सोनाराला घाईनं काही कबूल करू नका, भाव ऐकून छाती दडपते.

तिकीट काढलंय. 28 नोव्हेंबरला निघतो, 30 ला मुंबईत. व्हिसाच्या बातम्या बघून आईनं झोप घालवू नये, माझा शिक्का 2027 पर्यंतचा आहे आणि ऑफिसच्या वकिलांना विचारूनच तिकीट काढलंय.

विट्याच्या मुलीचा फोटो बघितला. बोलायला माझी हरकत नाही. पण त्यांना या मार्चचं, बिलाचं आणि बाबांच्या स्टेंटचंही सगळं सांगा. आपल्याकडून काही झाकलेलं नको. ते ऐकून त्यांनी नको म्हटलं तरी मला वाईट वाटणार नाही.

मनूला सांगा, मेंदीच्या दिवशी मी असेन. फराळ पाठवू नका, पार्सलचे पैसे फार होतात, एवढा चिवडा आल्यावर खाईन. आणि बाबा, डिस्चार्ज कार्ड कपाटात परत त्याच फाईलमध्ये ठेवलंय ना, ते मनूला विचारा. तुमची डिसेंबरची तपासणी मी आल्यावर करू, तोवर सकाळची गोळी चुकवू नका.

तुमचा,
ओंकार