ओल अंगावर ठेवू नकोस

मुलुंड, डिसेंबर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझी भरलेली सॅक दाराशी दिसली आणि झोप उडाली. समोर बोललो की तू "हो बाबा" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहून ठेवतोय. वाटेत गाडीत वाच.

तुझ्या वयाचा असताना मी डिसेंबरात खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. तोलार खिंडीपर्यंत सुती टी-शर्ट घामानं निथळत होता. वर वारा लागला, बरं वाटलं. दिवस मावळला तसा तोच टी-शर्ट गार फडक्यासारखा पाठीला चिकटला, आणि बदलायला दुसरा नव्हता. रात्रभर गुहेत मित्राच्या पाठीला पाठ लावून कुडकुडत बसलो. पहाटे बुटाची नाडी बांधायला बोटं वळेनात. तो गड १,४२४ मीटरचा. तू निघालीस उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर, ३,८०० मीटरवर, बर्फात.

आपल्याला मुंबईत घामाचं काही वाटत नाही. गाडीतून उतरलं, वारा लागला की शर्ट सुकतो. तिथे ही सवय फार महागात पडेल. ओलं कापड कोरड्यापेक्षा कितीतरी वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच जॅकेट काढ. थोडी थंडी वाजत असतानाच निघ, दहा मिनिटांत अंग तापतं. थांबलीस की आधी जॅकेट चढव. पाणी, फोटो सगळं नंतर. अंगालगत पटकन सुकणारा सिंथेटिक टी-शर्ट, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. पिसांचं जॅकेट फक्त थांबल्यावर आणि कॅम्पवर. ते घामानं भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. झोपायचे मोजे वेगळे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेव. कितीही मोह झाला तरी चालताना ते घालायचे नाहीत.

आजीनं विणलेली कानटोपी वरच्या कप्प्यात ठेवली आहे. रंग तुला आवडत नाही, माहीत आहे. पण लोकर दमट झाली तरी ऊब धरते.

थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी पीत राहा. रात्री बाटली उलटी ठेव. बर्फ वरून धरतो, तोंडाशी पाणी राहतं. फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप. इथे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तिकडे साडेपाचच्या आतच. त्यामुळे हेडटॉर्च सॅकच्या तळाशी नको, हाताशी हवा.

बुटांची काळजी नाही. दोन आठवडे ते घालून जिने चढताना-उतरताना मी तुला बघतोय. फक्त डाव्या टाचेला आजच पट्टी लाव, आणि ट्रेक सुरू व्हायच्या आधी नखं काप, नाहीतर उतरताना अंगठे ठेचतात.

एक मात्र मनापासून सांगतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तोल जायला लागला तर "होईल ठीक" म्हणून पुढे चालू नकोस. लगेच लीडरला सांग आणि तो म्हणाला तर खाली उतर. शिखर शंभर पावलांवर असलं तरीही. मैत्रिणींपैकी कुणी गप्प गप्प झाली, अडखळत बोलायला लागली, तर तिच्याकडेही लक्ष दे. थंडी आत शिरली की माणसाला स्वतःचं स्वतःला कळत नाही.

सांकरीच्या, म्हणजे पायथ्याच्या गावाच्या, पुढे रेंजचा भरवसा नाही, हे आईला मी सांगून ठेवलंय. परत खाली आलीस की पहिला फोन तिला कर.

सॅकमधली जीन्स मी काढून घेतली. तिच्या जागी मोज्यांचे दोन जोड ठेवलेत, डावीकडच्या खिशात.

तुझा,
बाबा